रेव्हरंड फिलिप क्लेटन व माडीवरची खोली

बेल्जम देशांत पोपरिंगे नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथील एका जुन्या घराच्या छपराखालीं एक उपासनामंदिर आहे. त्यांतील वेदी म्हणजे सुतारकामाचें एक साधें, जाड मेज होय. दूरदूरचे यात्रेकरू आजहि अरुंद जिन्यानें वर जाऊन त्या मेजापुढें स्तब्ध उभे राहतात. ज्यांच्या हातून हें मंदिर घडलें त्या रेव्हरंड क्लेटन यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

क्लेटन यांचा जन्म १२ डिसेंबर १८८५ रोजीं ऑस्ट्रेलियांत क्वीन्सलंड प्रांतीं झाला. ते अगदीं लहान असतांच त्यांचे आईबाप इंग्लंडास परतले. ऑक्सफर्ड येथें त्यांनीं धर्मशास्त्राचा अभ्यास करून पहिला वर्ग मिळविला व १९१० सालीं पोर्टसी येथें मंडळीची सेवा आरंभिली. अंगानें गुटगुटीत असल्यामुळें मित्र त्यांस 'टबी' म्हणत आणि पुढें जगहि त्यांस याच नांवानें ओळखूं लागलें.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें व पुढील वर्षीं क्लेटन सैन्याचे पाळक म्हणून रणभूमीवर गेले. ईप्र शहराभोंवतीं घनघोर संग्राम चालला होता. तेथून सुमारें आठ मैल मागें असलेल्या पोपरिंगे गांवीं खंदकांतून थकूनभागून आलेल्या पलटणी विसाव्यास येत. दारूचीं दुकानें पुष्कळ होतीं; मनास शांति मिळेल असें ठिकाण मात्र मुष्किलीनेंच सांपडे. वरिष्ठ पाळक नेव्हिल टालबट यांच्या साह्यानें क्लेटन यांनीं एका व्यापाऱ्याचें रिकामें घर भाड्यानें घेतलें व डिसेंबर १९१५ मध्यें तें सैनिकांसाठीं उघडलें. नेव्हिल यांचा धाकटा भाऊ गिल्बर्ट त्याच वर्षीं ३० जुलै रोजीं हूग येथें धारातीर्थीं पडला होता. तो अवघा २३ वर्षांचा होता. त्याच्या स्मरणार्थ घराचें नांव टालबट हाउस असें पडलें.

या घराचा एक नियम मोठा विलक्षण होता. उंबरठा ओलांडतांच सेनापति व शिपाई हा भेद बाहेर ठेवावा लागे. ग्रंथालयांतून पुस्तक न्यावयाचें तर शिपायानें आपली टोपी ठेव म्हणून द्यावी, एवढाच कायदा. दिवाणखान्यांत एक कोपरा असा होता, कीं तेथें येणाऱ्यानें आपलें नांव व पलटण नोंदवून ठेवावी. म्हणजे मागाहून येणाऱ्या भावास वा मित्रास त्याचा माग लागे. किती भाऊ अशा रीतीनें भेटले असतील आणि किती नांवें वाट पाहत राहिलीं असतील, याची कल्पना वाचकांनींच करावी.

उपासनेसाठीं वरचा माळा निवडला. बागेंतील छपरींत सुताराचें जुनें मेज सांपडलें. तेंच वेदी झालें. नासरेथच्या सुताराच्या भक्तांस याहून शोभणारी वेदी कोणती? हजारों तरुणांनीं तिच्यापुढें गुडघे टेकून प्रभुभोजन घेतलें. पुष्कळांचें तें पहिलें होतें, पुष्कळांचें शेवटचें. ते आपलें नांव व पत्ता चिठ्ठीवर लिहून देत आणि क्लेटन त्या चिठ्ठ्या जिवापाड जपत.

१९१८ सालीं युद्ध संपलें. क्लेटन जिवंत परतले. परंतु त्या चिठ्ठ्या त्यांस ऋणपत्रांसारख्या वाटत. युद्धांत अनेक शिपायांनीं पाळक होण्याचा निश्चय केला होता. त्यांच्या शिक्षणासाठीं १९१९ सालीं नट्सफर्ड गांवच्या जुन्या तुरुंगांत शाळा निघाली आणि क्लेटन तिच्या उभारणींत झटले. ज्यांचे पत्ते हातीं होते त्यांस पत्रें लिहून त्यांनीं 'टॉक एच' हा सेवासंघ उभारला. सैन्याच्या खुणेच्या भाषेंत टालबट हाउसचीं आद्याक्षरें अशींच उच्चारीत. संघाच्या सभेंत दिवा लावून मृतांचें क्षणभर स्मरण करावें व मग शेजाऱ्याच्या सेवेस लागावें, असा परिपाठ पडला. १९२२ पासून चाळीस वर्षें क्लेटन लंडन येथील ऑल हॅलोज देवालयाचे पाळक होते.

१९४० सालीं दुसऱ्या महायुद्धानें दोन्ही स्थानांवर घाला घातला. लंडनचें देवालय बाँबनें उद्ध्वस्त झालें. पोपरिंगे येथें जर्मन सैन्य शिरलें; परंतु गांवकऱ्यांनीं टालबट हाउसमधील वस्तु आधींच आपापल्या घरीं लपविल्या आणि १९४४ सालीं गांव मुक्त होतांच त्या परत आणून दिल्या. क्लेटन यांनीं देणग्या जमवून देवालय पुन्हां उभारविलें. १९५७ सालीं त्याचें पुनःसमर्पण झालें. १६ डिसेंबर १९७२ रोजीं, वयाच्या ८७ व्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें.

ईप्र येथील मेनिन वेशीवर, ज्यांस कबरहि लाभली नाहीं अशा ५४ हजारांहून अधिक वीरांचीं नांवें दगडांत कोरलेलीं आहेत. तें स्मारक भव्य आहे. परंतु माडीवरील चिठ्ठ्यांवरचीं नांवें तरुणांनीं स्वहस्तें लिहिलीं होतीं आणि एका माणसानें तीं विसरण्याचें नाकारलें. विद्यार्थिमित्रहो, आपण आज जें सुखानें भोगतों त्यासाठीं कोणीतरी झिजलें आहे. त्यांपैकीं निदान एकाचें नांव शोधून काढा, तें आठवणींत ठेवा, आणि त्या ऋणाची फेड म्हणून आपल्या शेजाऱ्याचें एखादें काम करा. आमच्या मतें, खरें स्मारक तेंच.