क्रिकेटला शब्द देणारे नेव्हिल कार्डस

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा समितीचा आग्रह झाला. माझा निम्मा जन्म क्रिकेट पाहण्यात आणि त्यावरचं वाचण्यात गेला. म्हणून क्रिकेटवर लिहिणाऱ्या एका मोठ्या माणसाची, नेव्हिल कार्डस यांची ओळख करून देतो.

कार्डस यांचा जन्म १८८८ साली इंग्लंडमध्ये, मँचेस्टरच्या गरीब घरात झाला. वडील कोण, हे त्यांना कधी कळलंच नाही. घरात लोकांचे कपडे धुवायला घेत. धुतलेले कपडे पोचवायला हा मुलगा जायचा. तेराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली. मग मिळेल ते काम! छापखान्यात पोऱ्या, नाटकगृहात चॉकलेटं विकणं, विमा कचेरीत कारकुनी. पण सवड मिळाली की सार्वजनिक वाचनालय, नाहीतर ओल्ड ट्रॅफर्डचं क्रिकेट मैदान. डिकन्स त्यांनी असाच वाचून काढला.

१९१२ मध्ये त्यांना श्रूजबरीच्या नामांकित शाळेत क्रिकेटचे सहायक प्रशिक्षक म्हणून नोकरी लागली. पुढे तिथेच ते मुख्याध्यापकांचे चिटणीसही झाले. स्वतःची शाळा अर्धवट राहिलेला माणूस, बघा!

१९१७ साली ते 'मँचेस्टर गार्डियन' या वृत्तपत्रात लागले. दोन वर्षांनी मोठं आजारपण आलं. मोकळी हवा मिळावी म्हणून वृत्तसंपादकांनी त्यांना ओल्ड ट्रॅफर्डचे सामने पाहून लिहायला पाठवलं. आजारी माणसाची सोय म्हणून दिलेलं हे काम जन्माचं होऊन बसलं.

'क्रिकेटर' या टोपणनावाने ते लिहू लागले. धावा-विकेटींचा हिशेब धावफलकावर असतोच. कार्डस खेळाडूचा स्वभाव लिहायचे. यॉर्कशायरचा एमट रॉबिन्सन एकही कसोटी खेळला नाही, पण कार्डसमुळे त्याचं नाव आजही टिकून आहे. खेळाडूंच्या तोंडी ते पदरची वाक्यं घालतात, असा आक्षेप होता आणि तो खराही होता. बातमीदाराने हे करू नये, असंच माझं मत. पण खेळाबरोबर खेळणारा माणूस वाचायला त्यांनीच शिकवलं, हेही मान्य करावं लागतं.

१९२७ पासून ते त्याच वृत्तपत्राचे मुख्य संगीत समीक्षकही झाले. उन्हाळ्यात क्रिकेट, हिवाळ्यात संगीत! संगीतही बहुतेक स्वतःच शिकलेलं. महायुद्धाच्या काळात ते सिडनीला होते. १९४७ मध्ये आत्मचरित्र आलं, १९६७ मध्ये 'सर' हा किताब मिळाला आणि १९७५ साली लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

निकालाच्या दिवशी आपल्या इमारतींत काही घरांतून पेढे येतात, तर काही घरांची दारं दिवसभर बंद राहतात. त्या बंद दारांमागच्या आईवडिलांना माझं एवढंच सांगणं आहे की, टक्के कमी पडले म्हणून मुलाला बोलू नका. तो कशात रमतो ते बघा, आणि जमलं तर जवळच्या वाचनालयात त्याचं नाव घाला.