खेळांचे पोशिंदे सर दोराबजी टाटा

सर दोराबजी टाटा हें नांव निघालें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें जमशेदपूरचा पोलादाचा कारखाना उभा राहतो, आणि तें साहजिकही आहे. परंतु त्या कारखान्याची भट्टी पेटण्यापूर्वीं कित्येक वर्षें या थोर गृहस्थांनीं एक लहानसें रोप लाविलें होतें, आणि तेंही शाळेच्या पटांगणांत. आपल्या खंडाळ्याचीं मुलें तालुक्याच्या व साताऱ्याच्या सामन्यांस जातात. शाळेनें शाळेशीं नियमानें झुंजावें ही पद्धति आपल्या इलाख्यांत ज्यांनीं रुजविली, त्यांत दोराबजींचें स्थान फार वरचें आहे. म्हणून त्यांचें चरित्र या पुस्तिकेंत थोडक्यांत देत आहों.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजीं मुंबईंत एका पारशी कुटुंबांत झाला. जमशेटजी टाटा यांचे ते थोरले चिरंजीव. मुंबईंतील शालेय शिक्षणानंतर वडिलांनीं त्यांस विलायतेस पाठविलें, व १८७७ सालीं ते केंब्रिजच्या एका कॉलेजांत दाखल झाले. तेथील दोन वर्षांत क्रिकेट व फुटबॉल या खेळांत त्यांनीं चांगलें नांव मिळविलें. १८७९ सालीं ते स्वदेशीं परतले आणि मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांतून १८८२ सालीं पदवीधर झाले. हें विद्यालय येशूसंघाच्या धर्मगुरूंनीं १८६९ सालीं स्थापिलें होतें, ही गोष्ट आपणां कॅथॉलिकांस अभिमानाची वाटल्यावांचून राहणार नाहीं.

मैदानी खेळांची जी गोडी आपणांस लागली ती आपल्या देशांतील मुलांसही लागावी, असा ध्यास दोराबजींनीं घेतला. इंग्रज मित्रांच्या साहाय्यानें त्यांनीं मुंबईंतील अनेक हायस्कुलांचा एक क्रीडासंघ उभारला व त्याचें मुख्य चिटणीसपद स्वतः पत्करिलें. आधीं क्रिकेटचे सामने सुरू झाले, मग धांवण्या-उडण्याच्या शर्यती. चिटणिसाचें काम मानाचें कमी व दगदगीचें अधिक. एका शाळेनें आपल्याच आवारांत खेळ भरविणें सोपें असतें. पण अनेक शाळांनीं एकच नियमावली मान्य करावयाची, तिऱ्हाइत पंचाचा निर्णय शिरसावंद्य मानावयाचा, आणि हरल्यावर जिंकणाऱ्याचा हात प्रेमानें हातीं घ्यावयाचा, हें कठीण. हें शिक्षण पुस्तकांतून मिळत नाहीं.

पुढें वडिलांच्या व्यवसायाची धुरा दोराबजींच्या खांद्यावर आली. १९०४ सालीं जमशेटजी निवर्तले. पोलादाचा कारखाना काढण्याचें त्यांचें स्वप्न पुत्रानें पुरें केलें. १९१० सालीं त्यांस सर ही पदवी मिळाली. परंतु पटांगणाचा विसर त्यांस कधींच पडला नाहीं.

खंडाळ्याहून निघून नीरा ओलांडली कीं पुणें जिल्हा लागतो. त्या पुण्यांतील डेक्कन जिमखान्याच्या क्रीडामेळाव्याचें अध्यक्षपद १९१९ सालीं दोराबजींकडे आलें. तेव्हां त्यांनीं साठी गांठली होती. त्यांनीं पाहिलें कीं धांवणारे बहुतेक शेतकऱ्यांचे मुलगे, शेतांत राबणारे आणि साध्या अन्नावर राहणारे. पायांत वहाण नाहीं, अंगावर योग्य पोषाख नाहीं, शिकविणारा कोणी नाहीं. शंभर यार्डांची शर्यत त्या काळीं सरळ रेषेंत, प्रत्येकाची वाट दोरीनें आंखून घ्यावयाची असे. येथें ती वळणावरून, दोरीवांचून घेण्याचा बेत होता! दुसरा कोणी असता तर हंसून निघून गेला असता. दोराबजींनीं मात्र लांब पल्ल्याच्या शर्यतीचा वेळ पाहिला, आणि हीं अनवाणी पावलें युरोपांतील धांवपटूंच्या फारशीं मागें नाहींत हें त्यांच्या ध्यानांत आलें. ज्यानें तरुणपणीं शाळकरी मुलांच्या शर्यती भरविल्या होत्या, त्याचीच दृष्टि चिंध्यांआडचें बळ ओळखूं शकली.

केवळ कौतुक करून ते थांबले नाहींत. मुंबईचे त्या वेळचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या साहाय्यानें १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकचें दार हिंदुस्थानास उघडलें. तीन धांवपटूंचा खर्च सोसण्याची तयारी दोराबजींनीं दाखविली. बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्यें एकोणिसावे आले. कुस्तींत रणधीर शिंदे चौथ्या स्थानीं राहिले. पदक एकही मिळालें नाहीं. तरी दोराबजी खचले नाहींत.

१९२४ सालीं पोलादाचा कारखाना बुडण्याच्या बेतांत आला, तेव्हां त्यांनीं आपली सारी खासगी मालमत्ता, पत्नी मेहेरबाई यांच्या दागिन्यांसह, गहाण टाकून कर्ज उभें केलें. त्याच सालीं हिंदी संघ पॅरिसच्या ऑलिंपिकलाही गेला. १९२७ सालीं इंडियन ऑलिंपिक असोसिएशन स्थापन झाली व दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. दुसऱ्याच वर्षीं ॲम्स्टरडॅम येथें हिंदी हॉकी संघानें सुवर्णपदक जिंकलें.

१९३१ सालीं मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. या दांपत्यास अपत्य नव्हतें. दोराबजींनीं १९३२ सालीं बहुतेक सारी संपत्ति लोकोपयोगी कामांसाठीं विश्वस्तांच्या स्वाधीन केली. त्यांतूनच १९४१ सालीं मुंबईचें टाटा मेमोरियल रुग्णालय उभें राहिलें. ३ जून १९३२ रोजीं जर्मनींत त्यांचा देहान्त झाला. इंग्लंडमध्यें पत्नीच्या शेजारीं ते चिरविश्रांति घेत आहेत.

त्यांच्या मागें वीस वर्षांनीं, १९५२ सालीं, हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें कुस्तीचें कांस्यपदक मिळालें तें आपल्याच सातारा जिल्ह्यांतील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना. स्वतंत्र भारतीयानें मिळविलेलें तें पहिलें वैयक्तिक पदक. खाशाबा हेही शेतकऱ्याच्या घरचे, कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलांत शिकलेले. त्यांच्या प्रवासासाठीं गांवकऱ्यांनीं वर्गणी जमविली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं तर आपलें घर गहाण ठेविलें. म्हणजे दोराबजींचें काम एका शिक्षकानें पुढें चालविलें.

बंधुभगिनींनो, आपणांपैकीं कोणापाशीं टाटांचें धन नाहीं. पण खंडाळ्याच्या पटांगणावर आजही मुलें धांवत आहेत. त्यांच्यासाठीं वाट आंखून देणारा, वेळ मोजणारा आणि गरज पडल्यास आपलें कांहीं गहाण टाकणारा एक वडीलधारा माणूस हवा असतो. तो होण्यास श्रीमंती लागत नाहीं.