रमाबाई रानडे

रमाबाई महादेव रानडे (१८६२–१९२४) या मराठी समाजसेविका, लेखिका आणि पुणे सेवासदनाच्या अध्यक्षा होत्या. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय स्त्रियांना, विशेषतः विधवांना, परिचारिका व सुईण यांच्या शास्त्रीय शिक्षणाची वाट त्यांनी खुली केली.

जीवन

त्यांचा जन्म आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे कुर्लेकर घराण्यात झाला. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या वेळी त्या निरक्षर होत्या. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा विरोध सोसून त्या पतीकडून मराठी व पुढे इंग्रजी शिकल्या. १९०१ मध्ये न्यायमूर्तींचे निधन झाले. पतीसोबतच्या सहजीवनावरील त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले.

परिचारिका शिक्षणातील कार्य

१८४७ मध्ये एडिंबरा येथे जेम्स यंग सिम्पसन यांनी प्रसूतिवेदना शमविण्यासाठी प्रथम ईथर व नंतर क्लोरोफॉर्म वापरले. महाराष्ट्रात मात्र त्यानंतरही अनेक दशके बहुतेक बाळंतपणे घरीच, परंपरागत सुईणीच्या हातून होत. पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेणे स्त्रियांना अवघड वाटे. त्यामुळे वेदनाशमन, निर्जंतुकता आणि प्रसूतीतील धोक्यांची लक्षणे यांविषयीचे नवे ज्ञान बाळंतिणीपर्यंत पोहोचण्यासाठी तिच्या उशाशी शिकलेली स्त्री असणे आवश्यक होते. परंतु रुग्णसेवा हे हलके काम मानले जाई. परक्याच्या मलमूत्राला व रक्ताला स्पर्श करणे उच्चवर्णीयांना निषिद्ध वाटे.

१९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर हे रमाबाईंचे या कार्यातील प्रमुख सहकारी होते. संस्थेने विद्यार्थिनींना ससून रुग्णालयात परिचारिका व सुईण यांच्या शिक्षणासाठी पाठविले आणि त्यांच्या निवासाची सोय केली. एका समारंभात केशवपन केलेली विधवा विद्यार्थिनी व्यासपीठावर येताच प्रेक्षकांतील काही विद्यार्थ्यांनी तिची टवाळी केली, तेव्हा रमाबाईंनी भर सभेत त्यांची कानउघाडणी केली. संसारातून व समाजातून बाजूला सारलेल्या अनेक स्त्रियांना या शिक्षणाने उपजीविका व प्रतिष्ठा मिळाली.

स्मृती

१९६२ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. पुणे सेवासदन ही संस्था आजही कार्यरत आहे.