देशाचं उत्पन्न म्हणजे नेमकं काय? दादाभाईंनी इंग्रज सरकारशी घातलेला वाद

शाळेच्या पुस्तकात दादाभाई नौरोजी एका ओळीत संपतात : आर्थिक निःसारणाचा सिद्धांत मांडला. पण त्यांची मोठी लढाई एका साध्या प्रश्नावर होती. देशाचं उत्पन्न म्हणून काय मोजायचं आणि काय नाही?

१८२५ साली गरीब पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. चार वर्षांचे असताना वडील गेले, आई माणेकबाईंनी त्यांना वाढवलं. एल्फिन्स्टन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. १८५५ मध्ये व्यापारासाठी लंडनला गेले आणि पुढे स्वतःची पेढी काढली. त्यामुळे जमाखर्च त्यांना चांगला कळत होता.

भारताची निर्यात आयातीपेक्षा जास्त, म्हणजे देशाची भरभराट, असं सरकारी बाजूचं म्हणणं होतं. दादाभाईंनी विचारलं, मग या जादा मालाचे पैसे भारतात येतात कुठे? ते तर इंग्रज अधिकाऱ्यांचे पगार, पेन्शन आणि लंडनच्या कचेरीच्या खर्चात जात होते. सरकार ज्याला भरभराट म्हणत होतं, त्याला दादाभाईंनी लूट ठरवलं.

१८७६ मध्ये त्यांनी मुंबईत भारताच्या गरिबीवर निबंध वाचला. त्यांच्या हिशेबाने माणशी वार्षिक उत्पन्न होतं २० रुपये. बोटीने परदेशी जाणाऱ्या मजुराला जे रेशन मिळायचं, तेवढं अन्न आणि साधे कपडे घ्यायलाही हे उत्पन्न पुरत नव्हतं!

इंडिया ऑफिसमधले डॅन्व्हर्स यांनी आक्षेप घेतला : यात रेल्वे, व्यापार, पगार धरलेच नाहीत. दादाभाईंचं उत्तर होतं, रेल्वेने गहू इकडून तिकडे जातो, वाढत नाही. पगारही शेवटी त्याच पिकातून निघतो.

दोघांच्या मोजमापामागे आपापली बाजू होती. एकाला इंग्रजी राज्याने देश सुधारला हे दाखवायचं होतं, दुसऱ्याला रयतेच्या ताटात किती पडतं हे.

१८९२ मध्ये दादाभाई ब्रिटिश संसदेत निवडून गेले. १९०१ मध्ये हे सगळे हिशेब पुस्तकरूपाने आले. १९१७ मध्ये त्यांचं निधन झालं.

आजचा जीडीपी रेल्वे आणि पगार दोन्ही मोजतो. त्या मुद्द्यावर डॅन्व्हर्स जिंकले. पण आईने रोज घरी केलेला स्वयंपाक त्यात अजूनही धरला जात नाही. काय मोजायचं, हा दादाभाईंचा प्रश्न संपलेला नाही.