गळ टाकणारा भाविक : आयझॅक वॉल्टन

पाटस व दौंड ह्यांच्या आसपास भीमेच्या खोऱ्यात राहणाऱ्या आमच्या पुष्कळ बंधूंस गळ आणि काठी ही काही नवी वस्तू नाही. वेळूच्या बेटातील सरळ काठी पाहून तोडावी, ती सावलीत वाळवावी, शेंड्यास दोरी बांधावी आणि चार सोबत्यांसह डोहाकाठी बसावे, हे मुलांसही ठाऊक असते. परंतु असा छंद भाविक माणसास शोभतो काय, त्यात घालविलेला वेळ व्यर्थ तर जात नाही, अशी शंका एखाद्या उपदेशकाच्या मनात येणे साहजिक आहे. तिचे उत्तर वादाने देण्यापेक्षा एका सत्पुरुषाच्या चरित्राने द्यावे, असे आम्हांस वाटते.

आयझॅक वॉल्टन ह्यांचा जन्म इसवी सन १५९३ मध्ये इंग्लंडातील स्टॅफर्ड गावी झाला. त्यांचा बाप खाणावळ चालवीत असे. मुलगा चार वर्षांचाही झाला नव्हता तोच तो वारला. महाविद्यालयात जाण्याचे भाग्य वॉल्टन ह्यांस लाभले नाही. ते लंडन शहरी जाऊन कापडाच्या धंद्यात उमेदवारी करू लागले, आणि पुढे फ्लीट स्ट्रीटच्या भागात त्यांनी आपला धंदा थाटला. त्या वस्तीचे देऊळ सेंट डन्स्टन हे होते व तेथील पाळक प्रसिद्ध कवी डॉ. जॉन डन हे होते. त्यांचे उपदेश हा कापडविक्या मनापासून ऐके, आणि हळूहळू पाळक व व्यापारी ह्यांचा स्नेह जडला.

त्यांच्या घरावर मात्र दुःखाचे डोंगर कोसळले. इसवी सन १६२६ त रेचल नामक स्त्रीशी त्यांचा विवाह झाला. ह्या बाईंच्या पोटी सात मुले झाली व ती सातही लहानपणीच मरण पावली. इसवी सन १६४० मध्ये त्या स्वतःही निवर्तल्या. ज्या आईबापांनी आपले एक लेकरू मातीत ठेविले असेल, त्यांस ह्या दुःखाची कल्पना करून देण्याची गरज नाही. तरी वॉल्टन देवावर रुसले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी लिहिलेले डॉ. डन ह्यांचे चरित्र छापून निघाले. ते लिहिण्याचे काम मूळचे सर हेन्री वॉटन ह्यांचे. हे ईटन येथील विद्यालयाचे मुख्य असून वॉल्टन ह्यांच्याबरोबर नदीवर गळ टाकावयास बसत. ते मरण पावल्यामुळे काम ह्या महाविद्यालयात न गेलेल्या मित्राच्या अंगावर पडले, आणि त्याने ते असे पार पाडिले की, पुढे वॉटन, हूकर, हर्बर्ट व सँडरसन ह्या आणखी चार सत्पुरुषांची चरित्रेही त्यांच्याच लेखणीतून उतरली.

इसवी सन १६४२ मध्ये इंग्लंडात राजा व पार्लमेंट ह्यांच्यामध्ये युद्ध पेटले. वॉल्टन राजाच्या बाजूचे होते. त्यांचे अनेक पाळकमित्र आपल्या जागांवरून काढिले गेले. इसवी सन १६५१ मध्ये राजपक्षाचा वूस्टर येथे पराभव झाला, तेव्हा राजाचे एक रत्न जिवावर उदार होऊन वॉल्टन ह्यांनी सुरक्षित लंडनास पोहोंचविले. परंतु दुसऱ्या पक्षातही देवभीरू माणसे होती, हे आम्ही विसरता कामा नये. यात्रेकरूच्या पुस्तकाचे कर्ते जॉन बन्यन हे तरुणपणी पार्लमेंटच्याच सैन्यात होते. एकाच प्रभूचे नाव घेणारे एकमेकांवर शस्त्र धरून उभे राहिले, ह्यापरते दुःख कोणते?

अशा काळी, इसवी सन १६५३ त, वॉल्टन ह्यांचे मासे धरण्याच्या कलेवरील पुस्तक बाहेर पडले. त्यात कोणावर दोषारोप नाही. लंडनजवळील ली नदीच्या काठाने दोघे सोबती बोलत चालतात, गळ टाकितात, झाडाखाली पावसाची सर चुकवितात व रात्री बिऱ्हाडी जमून जेवतात, गातात, अशी त्याची मांडणी आहे. सायमन, अंद्रिया, याकोब व योहान ह्या कोळ्यांस प्रभूने आपले प्रेषित केले, ह्याचे स्मरण ग्रंथकार आनंदाने करून देतो. शेवटी थेस्सलनीकरांस पहिल्या पत्राच्या चवथ्या अध्यायातील अकराव्या वचनाकडे बोट दाखवून तो ग्रंथ संपवितो. त्या वचनात पौल शांत राहण्यास सांगतो, आणि त्याच दमात आपल्या हातांनी काम करावयासही सांगतो.

हे हातांचे काम पुस्तकात सविस्तर आले आहे. त्या काळी गळाची दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची करीत. केस गोल, स्वच्छ व सारख्या जाडीचे निवडावेत आणि ते सारखे ताणून पिळावेत. कारण एक ढिला व एक घट्ट राहिला, तर सर्व ओढ घट्ट केसावर पडून तो आधी तुटतो व मग बाकीचेही तुटतात. काठी व दोरी रंगविण्याची रीतही दिली आहे. वॉल्टन ह्यांचे तरुण स्नेही चार्ल्स कॉटन ह्यांनी इसवी सन १६७६ मध्ये ह्या पुस्तकास दुसरा भाग जोडिला. त्यात यॉर्कशर प्रांतातील काठ्यांचे वर्णन आहे. लाकडाचे सहापासून बारापर्यंत तुकडे एकास एक जोडून, खाली सुताने व वर रेशमाने बांधून, मुळाशी जाड व शेंड्यास निमुळती अशी ती काठी करीत. मंडळीचेही असेच आहे. तुकडे वेगळाले, पण बांधणी नीट असली म्हणजे ओझे सर्वांवर वाटले जाते व काठी वाकली तरी मोडत नाही.

धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरावली लिहिणारे डीन अलेक्झांडर नॉवेल ह्यांचा दाखला वॉल्टन मोठ्या प्रेमाने देतात. हे गृहस्थ आपल्या वेळेचा दहावा भाग गळ टाकण्यात घालवीत. परंतु आपल्या उत्पन्नाचा दहावा भाग आणि बहुधा धरलेले सर्व मासे ते नदीकाठच्या गरिबांस वाटून देत. छंद निर्दोष कधी होतो हे ह्यावरून समजते.

इसवी सन १६४७ मध्ये वॉल्टन ह्यांनी ॲन केन ह्यांच्याशी दुसरा विवाह केला होता. ह्या बाईंचे बंधू टॉमस केन पुढे बिशप झाले. त्यांनी रचलेले त्रैक्याच्या स्तुतीचे कडवे आजही अनेक देशांतील उपासनेत गाइले जाते. ह्या विवाहापासून झालेली एक मुलगी व एक मुलगा जगली, आणि मुलगा पाळक झाला. कॉटन ह्यांनी डव्ह नदीच्या काठी इसवी सन १६७४ मध्ये एक लहानसे घर बांधिले व त्याच्या दारावर आपली व वॉल्टन ह्यांची आद्याक्षरे एकमेकांत गुंफून कोरविली. कॉटन धनिक घराण्यातले, वॉल्टन कापडविके. वयात सुमारे सदतीस वर्षांचे अंतर. तरी कॉटन त्यांस बाप म्हणत.

इसवी सन १६८३ च्या डिसेंबरात, कडाक्याच्या थंडीत, नव्वदाव्या वर्षी विंचेस्टर येथे वॉल्टन प्रभूमध्ये निजले. आपले एक शेत त्यांनी स्टॅफर्ड गावास ठेविले, ते अशासाठी की, त्याच्या उत्पन्नातून गरिबांच्या मुलांस धंदा शिकावयास लावावे, एखाद्या गरीब मुलीच्या लग्नास साह्य करावे, आणि हिवाळ्यात गरिबांस कोळसा द्यावा. जो स्वतः उमेदवार म्हणून शहरी गेला होता, तो पुढच्या उमेदवारांस विसरला नाही.

पुढे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील कारागीर कलकत्त्याहून आलेला वेळू चिरून, त्याच्या पट्ट्या सरसाने जोडून काठ्या करू लागले. आपल्या देशाच्या बेटातील वेळू असा दूरच्या नद्यांवर गेला. आजही अनेक ठिकाणी छंदी लोक एकत्र बसून काठ्या बांधितात व शिकलेले दुसऱ्यास शिकवितात. इसवी सन १९१४ मध्ये इंग्लंड व अमेरिका येथील गळ टाकणाऱ्यांनी वर्गणी करून विंचेस्टरच्या मंदिरात वॉल्टन ह्यांच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी बसविली.

बंधूंनो, उपासनेची वेळ व घरचे काम चुकवून नदीवर बसणे हे आळसाचेच लक्षण होय. परंतु काम उरकल्यावर शेजाऱ्यासह काठी तासावी, मुलास गाठ मारावयास शिकवावी, आणि मिळालेल्यातून विधवेच्या घरी चार मासे पोहोंचवावे, ह्यात पाप नाही. ज्याच्याशी आपले भांडण आहे, त्यासही शेजारी बसावयास बोलवावे. गळ टाकून स्वस्थ बसलेल्या दोन माणसांस फार वेळ वैर धरवत नाही. अशी शांती प्रभू आमच्या प्रत्येक गावच्या मंडळीस देवो.