विश्लेषण : औंधच्या राजाचा छंद लोकांच्या मालकीचा कसा झाला?

मनगटी घड्याळे, नाणी, तिकिटे, जुने दिवे, चित्रे... जमवणाऱ्याची वस्तू बदलते, पण एक प्रश्न प्रत्येकाला कधीतरी गाठतोच. आपल्यानंतर या संग्रहाचे काय? पुणे-मिरज लोहमार्गावरील रहिमतपूर स्थानकापासून पूर्वेला वीसेक किलोमीटरवर असलेल्या औंध गावी या प्रश्नाचे एक उत्तर यमाई देवीच्या डोंगरउतारावर उभे आहे. श्री भवानी संग्रहालय हे ते उत्तर. औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आयुष्यभर जमवलेली चित्रे, शिल्पे आणि कलावस्तू तेथे आहेत. हा संग्रह कसा घडला आणि तो टिकला कशामुळे, याचा हा आढावा.

बाळासाहेब पंतप्रतिनिधी कोण होते?

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. त्यांच्या घराण्याचे मूळ गाव कोरेगावजवळचे किन्हई. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात परशुराम त्रिंबक यांना प्रतिनिधिपद मिळाले आणि ते पुढे घराण्यात राहिले. बाळासाहेबांचे शिक्षण सातारा आणि पुण्यात झाले. डेक्कन महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. संस्थानिकांच्या मुलांमध्ये त्या काळी पदवीधर फारसे नव्हते. १९०९ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, ते गादीवर आले.

औंध हे संस्थान लहान, त्यात विखुरलेले. औंध आणि किन्हई आजच्या सातारा जिल्ह्यात, तर कुंडल आणि आटपाडी आजच्या सांगली जिल्ह्यात. उरलेला काही मुलूख थेट विजापूरकडे. बराचसा भाग दुष्काळी. एकूण गावे ७२. अशा संस्थानच्या तिजोरीत हौसेसाठी फार पैसा असणे शक्यच नव्हते. त्यामुळे बाळासाहेबांचा संग्रह समजून घेताना त्यांनी काय विकत घेतले एवढेच पाहून चालत नाही. काय करवून घेतले आणि काय स्वतः केले हेही पाहावे लागते.

छंदाचे स्वरूप काय होते?

बाळासाहेब स्वतः चित्रे काढत. त्यांनी रामायणातील प्रसंगांची चित्रे रंगवली आणि त्यांचे चित्ररामायण १९१६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. ते कीर्तन करत. अजिंठा आणि वेरूळ येथील लेण्यांचा त्यांनी अभ्यास केला; वेरूळवरील त्यांचे पुस्तक १९२९ मध्ये आणि अजिंठ्यावरील १९३२ मध्ये आले. हातात कुंचला धरणारा माणूस चित्राकडे पाहतो तेव्हा किमतीच्या आधी त्याला रेषा दिसते. संग्रहाच्या निवडीत हा फरक जाणवतो.

एखादी गोष्ट पटली की ती नेमाने करायची, हा त्यांचा स्वभाव होता. सुरुवातीला त्यांनी सँडो पद्धतीचा व्यायाम वर्षानुवर्षे केला. पुढे १९०८ च्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि शेवटपर्यंत त्यांचे प्रचारक राहिले. संस्थानातील शाळांमध्ये त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले, त्यावर पुस्तक लिहिले आणि इंग्लंडपर्यंत त्याचा प्रसार केला. कला असो वा व्यायाम, आपल्याला लाभलेली गोष्ट आपल्यापुरती ठेवायची नाही, हा धागा दोन्हीकडे सारखाच आहे.

संग्रहात नेमके काय आहे?

राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रे, एम. व्ही. धुरंधर, बाबूराव पेंटर, माधव सातवळेकर अशा महाराष्ट्रातील चित्रकारांची कामे, बंगाल शैलीतील चित्रे आणि किरातार्जुनीयावरील पहाडी चित्रमाला तेथे आहे. हस्तिदंत आणि चंदनातील कोरीव काम आहे. जगप्रसिद्ध ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे 'माता आणि बालक' हे दगडी शिल्पही आहे. मूर यांचे नाव जगभर होण्याआधीच्या काळातील हे काम. एका दुष्काळी तालुक्यातील गावात ते पाहायला मिळते, याचे आजही कलारसिकांना अप्रूप वाटते.

याखेरीज एक भाग असा आहे की ज्याकडे पाहून आजचा संग्राहक कदाचित नाक मुरडेल. युरोपातील नामवंत चित्रकारांच्या गाजलेल्या चित्रांच्या प्रतिकृती तेथे आहेत. जुनी मनगटी घड्याळे जमवणाऱ्यांच्या जगात मूळ तबकडी, मूळ काटे आणि मूळ यंत्र यांनाच मोल असते. तबकडी नव्याने रंगवली की घड्याळाचा भाव खाली येतो आणि नक्कल तर मोजलीच जात नाही. मग बाळासाहेबांनी प्रतिकृती का ठेवल्या?

उत्तर संग्रहाच्या हेतूत आहे. रहिमतपूर, कोरेगाव किंवा खटावचा विद्यार्थी रोम वा पॅरिसला जाऊन मूळ चित्र पाहण्याची शक्यता नव्हती. त्याला ते कसे आहे हे कळावे, तर उत्तम प्रतिकृती हाच मार्ग. भाव वाढावा म्हणून केलेल्या संग्रहात प्रतिकृतीला जागा नसते. शिकवण्यासाठी केलेल्या संग्रहात ती लागतेच. औंधचा संग्रह या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

इतर संस्थानिकांपेक्षा वेगळे काय?

विसावे शतक उजाडले तेव्हा भारतीय संस्थानिक हे युरोपातील जवाहिरे आणि घड्याळजी यांचे मोठे गिऱ्हाईक होते. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्यासाठी पॅरिसच्या कार्तिएने घडवलेला हिऱ्यांचा कंठा १९२८ मध्ये पूर्ण झाला. पोलो खेळताना काच फुटू नये म्हणून उलटे फिरवता येणारे 'रिव्हर्सो' हे मनगटी घड्याळ १९३१ मध्ये आले. त्याच्या पाठीवर राजघराण्यातील व्यक्तींची मीनाकारीतील चित्रेही काढून घेतली जात.

अशा वस्तूंचे पुढे काय झाले, हे बोलके आहे. पतियाळाचा तो कंठा १९४८ च्या सुमारास नाहीसा झाला. कित्येक वर्षांनी त्याचा सांगाडा लंडनमध्ये सापडला, तेव्हा मोठे हिरे त्यात नव्हते. वस्तू खासगी असली आणि ती खिशात मावत असली की अडचणीच्या दिवशी ती सर्वांत आधी घराबाहेर पडते. घड्याळे आणि दागिने यांच्या संग्रहाला हा धोका कायम असतो.

बाळासाहेबांनी दुसरी वाट धरली. १९३८ मध्ये संग्रहासाठी स्वतंत्र इमारत उभी राहिली आणि वस्तू राजवाड्यातून लोकांच्या नजरेसमोर आल्या. त्यासोबत ग्रंथालयही जोडले गेले.

हा खर्च लहान संस्थानला परवडणारा होता का?

हा आक्षेप रास्त आहे. पाण्याची वानवा असलेल्या मुलखात राजाने चित्रे जमवावीत का? याचे उत्तर बाळासाहेबांच्या इतर कामांकडे पाहून द्यावे लागते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्यावर बेळगावातून कारखाना हलवण्याची वेळ आली, तेव्हा त्यांना औंध संस्थानने जागा दिली. १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगराचा कारखाना तेथे वाढला. वेदांचे अभ्यासक आणि चित्रकार पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनाही औंधमध्ये आश्रय मिळाला. १९१८ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घ्यावी, असे बाळासाहेबांनी सुचवले आणि त्यासाठी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. ते काम जवळपास अर्धशतक चालून १९६६ मध्ये पूर्ण झाले. ग. दि. माडगूळकर यांच्यासारखा कवी औंधच्या शाळेत शिकला. म्हणजे वस्तूंबरोबर त्यांनी माणसेही जोडली.

तरीही राजाच्या मर्जीवर चालणारा कारभार तो राजाच्या मर्जीवरचाच. राजा चांगला असला तरी प्रजेच्या हाती काही नसते. ही उणीव त्यांच्याच हयातीत दूर झाली.

संग्रह आणि सत्ता यांचा संबंध काय?

संग्रहालयाची इमारत झाली त्याच वर्षी, म्हणजे १९३८ मध्ये, बाळासाहेबांनी सत्ता लोकांच्या हाती देण्याची घोषणा केली. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंता मॉरिस फ्रिडमन यांचा यात मोठा वाटा होता. संस्थानच्या नव्या घटनेचा मसुदा महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली तयार झाला. जानेवारी १९३९ मध्ये ती लागू झाली. ग्रामपंचायत हा तिचा पाया होता. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहतही याच काळात सुरू झाली. 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामागे हीच प्रेरणा होती.

ज्या राजाने जमवलेले सर्वांना पाहायला खुले केले, त्यानेच हाती असलेली सत्ताही सोडली. या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडणे हा योगायोग मानला, तरी त्यांमागील विचार एकच दिसतो.

पुढे काय झाले?

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेबांचे निधन झाले. अप्पासाहेब पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून नावारूपाला आले. संस्थाने गेली, १९७१ मध्ये तनखेही बंद झाले आणि देशातील अनेक राजघराण्यांच्या वस्तू विखुरल्या. औंधचा संग्रह मात्र जागेवर राहिला. आज हे संग्रहालय राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये विभागाच्या अखत्यारीत आहे.

संग्राहकांसाठी यात काय धडा?

प्रत्येकाला संग्रहालय बांधता येणार नाही, पण औंधमधून तीन गोष्टी घेता येतात. एक, संग्रहाचा हेतू स्वतःशी स्पष्ट हवा. काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे त्यावर ठरते. दोन, वस्तूला जागा, नोंद आणि पाहणारे डोळे मिळाले तर ती टिकते. कपाटातली वस्तू मालकाबरोबर विस्मरणात जाते. तीन, पुढची व्यवस्था हयातीतच करावी. बाळासाहेबांनी इमारत बांधली तेव्हा ते सत्तरीत होते आणि विलीनीकरणाला अजून दहा वर्षे होती. ती दहा वर्षे हातात होती म्हणूनच रहिमतपूरला उतरणाऱ्याला आजही रविवर्मा आणि हेन्री मूर एकाच छपराखाली पाहता येतात.