नगरस्वच्छतेचे अग्रदूत : एडविन चॅडविक

ज्या गावात घरोघरी नळाचे पाणी येते व सांडपाणी झाकल्या गटारांतून निमूटपणे निघून जाते, तेथील लोकांना या सोयी अगदी सहज वाटतात. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, जगातील अत्यंत धनवान अशा इंग्लंड देशातही, सामान्य माणसाला त्या ठाऊक नव्हत्या. रोग हा दैवाचा भाग आणि मरण हे ललाटीचे लेणे, असे मानून लोक स्वस्थ बसत. गावाची रोगराई गावाच्या व्यवस्थेतून उत्पन्न होते आणि ती व्यवस्था सुधारणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्य आहे, ही गोष्ट ज्यांनी आकड्यांनिशी सिद्ध केली, त्यांत एडविन चॅडविक यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

चॅडविक यांचा जन्म २४ जानेवारी १८०० रोजी मँचेस्टरजवळील लाँगसाइट या गावी झाला. पुढे त्यांचे कुटुंब लंडनला आले. तेथे त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि वृत्तपत्रांतून लेखन करून उदरनिर्वाह चालविला. जेरेमी बेंथॅम या थोर तत्त्वचिंतकाचे चिटणीस म्हणून काम करण्याची संधी त्यांना लाभली. जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त हित साधते की नाही, या कसोटीवर प्रत्येक कायदा घासून पाहावा, ही बेंथॅम यांची शिकवण चॅडविक यांच्या मनात कायमची रुजली.

इ. स. १८३४ मध्ये इंग्लंडात गरिबांच्या साहाय्यासंबंधी नवा कायदा झाला. तो तयार करण्यात चॅडविक यांचा मोठा वाटा होता व तो अमलात आणणाऱ्या मंडळाचे ते चिटणीस झाले. हा कायदा फार कठोर होता. मदत हवी असेल त्याने अनाथगृहात येऊन राहावे, असा त्याचा दंडक असून तेथे पती-पत्नींचीही ताटातूट होई. त्यामुळे चॅडविक यांना लोकांचे शिव्याशाप घ्यावे लागले. परंतु हेच काम करीत असताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. अनेक कुटुंबे आळसामुळे नव्हे, तर कर्ता पुरुष तापाने दगावल्यामुळे भिकेस लागत होती. मग दारिद्र्य हटवावयाचे तर प्रथम रोग हटविला पाहिजे, असा विचार त्यांच्या मनात बळावला.

त्या काळी यंत्रयुगामुळे इंग्लंडातील शहरे झपाट्याने फुगत होती. १८०१ साली मँचेस्टरची वस्ती सुमारे पाऊण लाख होती. पन्नास वर्षांत ती तीन लाखांवर गेली. कारखान्यांभोवती मजुरांसाठी पाठीला पाठ लावून घरे उभी राहिली. कित्येक घरांना मिळून एक शौचकूप, अंगणात मैल्याचे खड्डे आणि त्यांच्याच शेजारी पाण्याची विहीर, असा सर्वत्र प्रकार होता.

चॅडविक यांनी देशभरातील वैद्य व अधिकारी यांच्याकडून माहिती मागविली, स्वतः अनेक ठिकाणे पाहिली आणि १८४२ साली श्रमिक लोकांच्या आरोग्यस्थितीविषयीचा आपला अहवाल प्रसिद्ध केला. मंडळाच्या सभासदांनी त्यावर सही करण्याचे नाकारले, म्हणून तो केवळ चॅडविक यांच्या नावावर निघाला. त्यातील आकडे वाचून देश हादरला. रटलंड या ग्रामीण परगण्यात सधन वर्गातील माणसे मृत्यूसमयी सरासरीने ५२ वर्षांची असत, तर मजूर ३८ वर्षांचे. मँचेस्टरमध्ये मात्र सधनांची सरासरी ३८ होती आणि मजुरांची अवघी १७. म्हणजे खेड्यातला गरीब मजूर शहरातल्या श्रीमंताइतका जगत होता. मजुरांची सरासरी इतकी खाली येण्याचे कारण भयंकर होते. मँचेस्टरमध्ये त्यांच्या शंभर मुलांपैकी सत्तावन्नांहून अधिक मुले पाच वर्षांची होण्यापूर्वीच मरण पावत.

चॅडविक यांनी रोगाबरोबर उपायही सांगितला. शरीरात ज्याप्रमाणे रक्त अखंड वाहते, त्याप्रमाणे गावात पाणी अखंड वाहिले पाहिजे, असे त्यांचे मत होते. प्रत्येक घरी नळाने शुद्ध पाणी द्यावे, आणि तेच पाणी वापरून झाल्यावर मैल्यासह भाजलेल्या मातीच्या गुळगुळीत नळांतून गावाबाहेर न्यावे, तेथे ते शेतांना खत म्हणून उपयोगी पडेल, अशी ही योजना होती.

इ. स. १८४८ मध्ये, पटकीची साथ युरोपातून इंग्लंडकडे सरकत असताना, पार्लमेंटने सार्वजनिक आरोग्याचा पहिला कायदा संमत केला. या कायद्याने एक मध्यवर्ती आरोग्यमंडळ स्थापन झाले व चॅडविक त्याचे एक सभासद झाले. ज्या गावातील एक दशांश करदाते तसा अर्ज करतील, किंवा जेथे दर हजारी मृत्यूंचे प्रमाण तेविसाहून अधिक असेल, तेथे मंडळ आपला निरीक्षक धाडू शकत असे. निरीक्षक गावात येऊन जाहीर चौकशी करी, गल्लीबोळ हिंडे, विहिरी, गटारे व दफनभूमी पाही आणि आपला अहवाल छापून प्रसिद्ध करी.

यॉर्कशायरमधील हॉवर्थ या डोंगरी गावाची कथा या दृष्टीने बोलकी आहे. तेथील धर्मोपदेशक पॅट्रिक ब्राँटे यांची तीन मुले १८४८ ते १८४९ या एकाच वर्षाच्या अवधीत निवर्तली होती; त्यांत एमिली व ॲन या दोघी पुढे कीर्तिमान ठरलेल्या लेखिका होत्या. त्यांचा बळी क्षयाने घेतला होता. परंतु गावातील इतर घरेही अशीच रिती होत आहेत, हे जाणून त्या वृद्ध पित्याने गावकऱ्यांच्या सह्यांचा अर्ज मंडळाकडे पाठविला. १८५० साली बेंजामिन बॅबेज हे निरीक्षक तेथे आले. गावातील शंभरांपैकी एकेचाळीसहून अधिक जीव वयाच्या सहा वर्षांच्या आत मरतात आणि मृत्यूचे सरासरी वय सव्वीसही भरत नाही, असे त्यांना आढळले. उतारावरील दफनभूमी प्रेतांनी भरून गेली होती व पिण्याच्या पाण्याची दैना होती. तरीही कर वाढेल या भीतीने काही मालमत्तावाल्यांनी सुधारणेस विरोध केला, आणि गावाला चांगले पाणी मिळावयास आणखी काही वर्षे वाट पाहावी लागली.

अशी भांडणे गावोगाव झाली. पाणीकंपन्या, घरमालक व करदाते चॅडविक यांच्यावर उलटले. त्यांचा स्वभावही या विरोधाला खतपाणी घालणारा होता. दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घेण्याइतका धीर त्यांच्यापाशी नव्हता. शिवाय त्यांच्या हातून एक गंभीर चूक घडली. दुर्गंधीतूनच रोग उपजतो, असा त्यांचा ठाम समज होता. म्हणून लंडनमधील मैला धुवून टेम्स नदीत सोडण्याचा त्यांनी आग्रह धरला. त्याच नदीचे पाणी हजारो लोक पीत होते. १८४९ सालच्या साथीत लंडनमध्ये चौदा हजारांवर माणसे पटकीने दगावली आणि नदीत सोडलेल्या या घाणीने रोगाच्या फैलावास हातभार लावला. पटकी दूषित पाण्यातून पसरते, हे डॉक्टर जॉन स्नो यांनी १८५४ साली लंडनमधील एका पंपाच्या उदाहरणाने दाखवून दिले. पण चॅडविक यांनी आपला समज अखेरपर्यंत सोडला नाही.

त्याच वर्षी पार्लमेंटने ते आरोग्यमंडळ मोडीत काढले आणि चॅडविक यांना वयाच्या चोपन्नाव्या वर्षी निवृत्तिवेतन देऊन दूर सारले. त्यानंतर छत्तीस वर्षे ते जगले, परंतु अधिकाराचे पद त्यांना पुन्हा लाभले नाही. त्यांचे कार्य मात्र थांबले नाही. शंभराहून अधिक गावांनी तोवर आपापली आरोग्यमंडळे स्थापिली होती. गटारांचे नळ जमिनीत गाडले गेले होते, आणि ते मंडळाबरोबर उखडून टाकणे कोणालाही शक्य नव्हते. १८७५ च्या कायद्याने तर प्रत्येक विभागात आरोग्याधिकारी व निरीक्षक नेमणे बंधनकारक झाले. चॅडविक यांनी मागितलेली गोष्ट त्यांच्या शत्रूंनाही अखेर मान्य करावी लागली.

हे स्वच्छता-निरीक्षक दारोदार फिरून काम करीत आणि त्यांच्या वाट्याला पुष्कळदा अपमानच येई. १८८४ साली त्यांच्या संस्थेने वृद्ध चॅडविक यांना आपले अध्यक्ष केले. १८८९ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली व पुढील वर्षी, ६ जुलै १८९० रोजी, त्यांचे देहावसान झाले.

चॅडविक हे वैद्य नव्हते, आणि रोगाच्या कारणाविषयीचा त्यांचा तर्कही पुढे खोटा ठरला. परंतु मँचेस्टरच्या मजुराचे मूल मरते ते नशिबाने नव्हे, तर त्याच्या अंगणातील घाणीने मरते, हे त्यांनी राज्यकर्त्यांना मान्य करावयास लावले. आपल्या नगरपालिकेचा स्वच्छता-निरीक्षक जेव्हा तुंबलेल्या गटारापाशी थांबून वहीत नोंद करतो, तेव्हा तो या हट्टी माणसाने आखून दिलेल्या वाटेनेच चालत असतो.